पक्षादेशाची पोच

दि. ९ मार्च, सोमवार

तीन आणि दोन पाच. पाच हे तिनापेक्षा अधिक. चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या माणसालाही एवढी बेरीज येते. परंतु निकाल लागून इतके दिवस झाले, तरी ती कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाही!

येथे स्वच्छ लिहून काढतो, म्हणजे डोक्यातील गरगर थांबेल. पंचायत समितीचे सदस्य आठ. सत्ताधाऱ्यांचे तीन. नवप्रजा पक्षाचे तीन. आमच्या ग्रामहित पक्षाचे दोन — एक सुदेश, तो आमचा गटनेता. दुसरी संचिता, माझी सून. सभापतीची निवड पुढच्या मंगळवारी, १७ तारखेस. पद या खेपेस महिलेसाठी राखीव. नवप्रजा आणि आम्ही, दोघेही विरोधक. दोघांचे हात एकाच नावावर वर झाले तर सत्ताधाऱ्यांच्या लक्ष्मीबाई घरी बसतील. पण नवप्रजेला खुर्चीवर त्यांच्या किशोरीबाई हव्यात. आणि आम्हांस —

आम्हांस संचिता हवी. खरे लिहावयाचे तर मला हवी. बेचाळीस वर्षे या पक्षाच्या सतरंज्या मी अंथरल्या आणि उचलल्या. घाडी घराण्यातील माणूस आजवर खुर्चीवर बसलेला नाही. हे मी दुसऱ्या कोणासमोर बोललो नाही, बोलणारही नाही.

बोलणी करण्याचे काम पक्षाने माझ्यावर सोपविले आहे. कारण नवप्रजेची सूत्रे भाईच्या हाती, आणि भाई आमच्याच गावचा, वरच्या वाडीतील. फक्त एक अडचण. भाईशी मी सव्वीस वर्षे बोललेलो नाही. निवडणुकीचा अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी तो आमचा पक्ष सोडून तिकडे गेला, तेव्हापासून नाही.

दि. १० मार्च, मंगळवार

दोन वेळा चप्पल पायांत घातली. दोन वेळा काढली. आमच्या मंडळींनी — आनंदीने — ओसरीवरून पाहिले. म्हणाली, "काय ता एकदा त्या चपलांका तरी सांगा."

दि. ११ मार्च, बुधवार

गेलो.

भाई अंगणात काजूच्या बिया निवडीत बसला होता. उठला नाही. मीही बसलो नाही. मग तो म्हणाला, "गणपत, सव्वीस वर्षां तू ह्या अंगणात पाय ठेवलंस नाय. आज खुर्चेसाठी इलंस."

मी उत्तर दिले की खुर्चीसाठीच आलो आहे, आणि ज्या कामासाठी आलो ते लपवून ठेवण्याची मला सवय नाही. त्यावर तो हसला. दात बरेच गेले आहेत त्याचे.

दुपारचे ऊन अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत घासाघीस झाली. सभापतीची मुदत अडीच वर्षे. सव्वा वर्ष एकीला, सव्वा वर्ष दुसरीला — हे दोघांनाही लगेच मान्य. पण पहिली कोण? येथे अडले. तो म्हणे आमचे तीन, मी म्हणे आमच्या दोनांवाचून तुमचे तीन काय कामाचे. शेवटी मीच मागे सरलो. पहिली किशोरीबाई, नंतर संचिता. मागे सरताना कानशिले तापली, हे येथे नमूद करतो.

मी म्हटले, माझा शब्द आहे. भाई म्हणाला, "तुझो शबूत माका ठावक आसा. तुझ्या पक्षाचो ठावक नाय." कागदावर लिहून देण्यात अर्थ नाही, कागद दोघांच्याही पक्षांनी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून ठरले — उद्या रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणे घालून देवाला साक्षी ठेवावयाचे. पाचही सदस्यांनी उभे राहावयाचे.

दि. १२ मार्च, गुरुवार

देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याचा. माझे वडील बाबू घाडी घालीत, त्यांच्यामागून मी. नारळ ठेवला आणि म्हटले —

"देवा म्हाराजा, दोन घरची पाच लेकरां आज एक इचारान तुझ्या पायाकडे इली आसत. सव्वा वर्ष येकीचां, सव्वा वर्ष दुसरेचां, असो शबूत झालेलो आसा. जो कोन तो मोडूक बघीत, तेची वाट तूच आडव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," असे सर्वांनी म्हटले. सुदेशचा आवाज सर्वांत मोठा होता. किशोरीबाई मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी शाळेतील प्रार्थनेसारखे हात जोडले होते. भाई आणि मी एका वेळी पायरी उतरलो.

घरी येताना संचिता माझ्या मागून चालत होती. वहाळावरचा साकव ओलांडताना म्हणाली, "आबा, सव्वा वर्षान माका खुर्ची देतले ह्यां बरां झालां. पन ती माका होयी काय, ह्यां कोनी इचारल्यान?"

मी सांगितले की हा पक्षाच्या धोरणाचा प्रश्न आहे. ती "बरां" म्हणाली. तिचे "बरां" मला कधीच नीट कळत नाही.

दि. १४ मार्च, शनिवार

सुदेश आला. मोटारसायकल बेड्याबाहेर, रस्त्यावरच लावली. एरवी थेट अंगणातील खळ्यात आणतो. तेव्हाच ओळखले.

वर ठरले आहे, म्हणाला. आमचे जिल्ह्याचे पुढारी आणि सत्ताधारी नांदगावला कोणाच्या तरी बागेत बसले. जिल्हा परिषदेतील एक समिती आमच्या पक्षाला मिळणार. त्याच्या बदल्यात येथे आमच्या दोघांनी तटस्थ राहावयाचे. म्हणजे तीन विरुद्ध तीन, आणि निकाल चिठ्ठीवर. लक्ष्मीबाईंना अर्धी संधी आयती! विरोधकांनी विरोधकांना पाडावयाचे, आणि वर म्हणावयाचे की आम्ही सत्ताधाऱ्यांना मत दिलेच नाही, आमचे हात स्वच्छ!

मी विचारले, "आणि देवळात काय झाले?"

"आबा, ता देवळातला," तो म्हणाला. "ह्यां राजकारण."

मी त्यास सांगितले की चहा संपवावा आणि जावे. त्याने चहा संपविला. जाताना दारात उभा राहून म्हणाला, पक्षादेश निघणार आहे. ज्याला हे लोक व्हीप म्हणतात. तो मोडला तर सदस्यपद रद्द, आणि पुढली काही वर्षे उभेही राहता येत नाही. हे त्याने मला सांगितले नाही, संचिता आत होती तिला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले.

बसवत नाही. विहिरीपर्यंत पाच फेऱ्या मारल्या.

भाईला निरोप धाडला. किशोरीबाईंची तेजस्वी नावाची भाची वकील आहे, तिने फोनवर कायदा समजाविला. पक्षादेश सदस्याला किंवा त्याच्या घरच्या मोठ्या माणसाला पोचला पाहिजे, आणि पोचल्याची सही पाहिजे. सही नसेल तर पोचला हे त्यांना सिद्ध करता येणार नाही. म्हणून घरच्यांनी ती येथे राहत नाही म्हणावे, सही करू नये, आणि संचिताने मंगळवारपर्यंत घरी राहू नये.

म्हणजे लपावे. आमच्या घरातून आजवर कोणी लपण्यासाठी बाहेर पडलेले नाही.

दि. १५ मार्च, रविवार

सकाळी माझा मुलगा सिद्धेश तिला जामसंड्यास तिच्या भावाकडे सोडून आला. तिने फोन बंद ठेवला आहे. आनंदी म्हणते, घर ओकेबोके वाटते. मला तसे काही वाटत नाही. फक्त एका जागी बसता येत नाही, एवढेच.

दि. १६ मार्च, सोमवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

अकराच्या सुमारास पांढरी गाडी आली. दोन गृहस्थ उतरले. मी गंजीफ्रॉकवर होतो. ते म्हणाले, "सावकाश या, आम्ही थांबतो." मी आत जाऊन सदरा घातला, बटणे लावली, टोपी घातली आणि बाहेर आलो. त्यांनी खुर्चीवर बसण्यापूर्वी माझी परवानगी विचारली. आजकाल कोण विचारतो?

वयाने मोठा होता त्याने विचारले, "संचिता सिद्धेश घाडी येथेच राहतात ना?"

येथे "नाही" म्हणणे शक्य होते. तसे शिकवून ठेवले होते. आनंदीने तर माजघरातून दोनदा खाकरून सुचविलेही. परंतु माझ्या घराच्या ओसरीवर बसून, माझ्या सुनेचे नाव घेऊन विचारल्यावर, ती येथे राहत नाही हे मी कसे म्हणावे? मी म्हटले, येथेच राहते, सध्या माहेरी गेली आहे.

त्याने पक्षादेशाचा लखोटा काढला. "आपण घरातील वडीलधारे. आपल्याजवळ दिला तरी चालेल. आधी वाचून घ्या, मग सही करा." वही पुढे केली. पेनाचे टोपण काढून पेन माझ्या हातात दिले.

मी सही केली.

पूर्ण नाव. गणपत बाबू घाडी. खाली तारीख. त्याखाली वेळ — ११ वाजून २० मिनिटे — ती कोणी मागितलीही नव्हती. कोणताही कागद सहीवाचून परत पाठविणे मला जमलेले नाही. गावातील निम्मे लोक अंगठा करीत तेव्हा मी सही करीत असे. पोस्टमन म्हणे, घाडींचे अक्षर छापल्यासारखे. त्या वहीत माझ्या आधी सुदेशची सही होती, कोंबडीने माती उकरावी तशी. मला वाटते तिच्याकडे पाहूनच मी "ग" जास्त नीट काढला.

गाडी वळणाआड गेल्यावर लखोटा हातात जड वाटू लागला. आनंदी बाहेर आली. लखोट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "टोपी तरी कशाक घातलात?" एवढेच म्हणाली, आणि आत गेली.

त्याच दिवशी, सायंकाळ

संचिताच्या भावाच्या फोनवर फोन केला. तिला सांगितले. मी मध्ये थांबलो नाही, सर्व एका दमात सांगितले.

"आबा, तुमी सही केलात?"

होय म्हटले. मग सांगितले की आता तिच्यावर माझे कोणतेही बंधन नाही. तिने उद्या पक्षादेशाप्रमाणे तटस्थ राहावे. मी भाईकडे जाऊन दोष माझ्या अंगावर घेईन, देवासमोर दंडाचा नारळ ठेवीन. गाऱ्हाणे मी घातले होते, मोडल्याचे पाप माझे.

ती म्हणाली, "तुमी येकटेच देवाकडे उभे नव्हतात. 'व्हय म्हाराजा' मी पन म्हटलंय."

फोन तिने ठेवला. मी ठेवावयाचा विसरलो होतो.

दि. १७ मार्च, मंगळवार

आम्हांला सभागृहात प्रवेश नाही. बाहेर पिंपळाच्या पारावर भाई आणि मी. मध्ये एक माणूस बसेल एवढे अंतर ठेवून.

सव्वाबारास आतून माणूस आला. किशोरीबाई चार, लक्ष्मीबाई तीन. सुदेश तटस्थ. चौथा हात संचिताचा. म्हणे पीठासीन अधिकाऱ्यांनी विचारले, पक्षादेश मिळाला आहे का? ती म्हणाली, हात वर आहे तो मोजा.

पारावरची नवप्रजेची माणसे गुलाल घेऊन धावली. भाई धावला नाही. सरकून माझ्या जवळ आला. "गणपत, तिचां पद जातला रे," म्हणाला.

मी म्हटले की मला कायदा ठाऊक आहे.

संचिता बाहेर आली. कोणीतरी तिच्याही कपाळाला गुलाल लावला होता. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, ऊन लागलां. टोपी खंय आसा?"

दि. २० मार्च, शुक्रवार

सुदेशने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. संचिता घाडी यांस अपात्र ठरवावे. मी पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा राजीनामा टपालाने पाठविला. पोच मागितली नाही.

दि. १० एप्रिल, शुक्रवार

नोटीस आली. सुनावणी ६ मे रोजी, ओरोस येथे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे.

सुदेशच्या अर्जासोबत साक्षीदारांची यादी. साक्षीदार क्रमांक एक — गणपत बाबू घाडी.

म्हणजे त्यांनी मलाच त्यांचा साक्षीदार केले! बाजारात सुदेश लोकांना सांगतो म्हणे, "आमका दुसरो पुरावो कशाक? आबा खोटां बोलूचे नाय." खारेपाटणच्या आठवड्याच्या बाजारापर्यंत हे गेले. तेथे दोघांनी मला थांबवून सांगितले, कौतुकाने. बेचाळीस वर्षांत माझ्याविषयी एवढे चांगले पक्षातील कोणी बोलले नव्हते.

दि. २२ एप्रिल, बुधवार

आज एक गोष्ट पाहिली, ती लिहून ठेवतो.

वरच्या वाडीच्या सात-आठ बायका सकाळी ओसरीवर आल्या. नळयोजनेचे पाणी त्यांच्याकडे चढत नाही, दोन वर्षांची तक्रार. संचिताने आनंदीचे तांदळाचे सूप बाजूला सारून जमिनीवर नकाशा पसरला. टाकी कोठे, चढ कोठे, पाइप कोठून वळवावा हे त्यांनाच विचारीत गेली. एक म्हातारी, जिने जन्मात नकाशा पाहिला नसेल, बोट ठेवून म्हणाली, "हंय नको, हंय कातळ लागतलो." अभियंत्याने तेथेच रेघ मारलेली होती. संचिताने ती खोडली.

मी दारामागे उभा होतो. मला कोणी हाक मारली नाही, आणि मारावी असे काही नव्हतेही.

खुर्ची म्हणजे घराण्याची शोभा असे मला वाटत आले. माझ्या ओसरीवर मतांसाठी पुष्कळ माणसे बसली. कामासाठी अशी कोणी बसली नव्हती.

अपात्र ठरली तर हे जून उजाडण्याआधी बंद होईल. मी नीट काढलेल्या एका "ग"मुळे.

दि. २५ एप्रिल, शनिवार

झोप नाही. पडवीतून मागीलदारी, मागीलदारातून पडवीत. आनंदी म्हणते, वहाण झिजेल.

दि. २ मे, शनिवार

तेजस्वी घरी आली. हुशार मुलगी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहते. म्हणाली, सगळा खटला एका सहीवर आहे. सही तुमची हे शाबीत झाले तर आपल्या हातात काही नाही. नाही झाले तर त्यांच्या हातात काही नाही. मग खाली पाहून म्हणाली, "आजोबा, त्या दिवशी तुम्हांला बरे नसेल तर कोणी आग्रह धरणार नाही."

मी म्हटले की माझी प्रकृती उत्तम आहे. मी ठरलेल्या वेळी हजर राहीन.

संचिता चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आबा, जां खरां आसा ता सांगा. माझ्यासाठी काय एक करू नकात. निवडणूक परत येतली, तुमी परत येवचे नाय." आनंदी आतून ओरडली की असले अभद्र बोलू नये. संचिता हसली. मीही हसलो असेन, कारण तेजस्वीने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले.

दि. ४ मे, सोमवार

देवळात गेलो. नारळ नेला होता. गाऱ्हाणे घालावयास उभा राहिलो. देवासमोर काय मागावे हे ठरविल्यावाचून उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. नारळ तसाच परत आणला. आनंदीने तो सोलकढीसाठी फोडला.

दि. ५ मे, मंगळवार

उद्या ओरोस. सदरा इस्त्री करून ठेवला आहे.

दि. ६ मे, बुधवार

पक्षादेशाच्या वहीचे पान माझ्यापुढे धरले. सुदेशच्या वकिलाने अगदी आदराने विचारले, "ही सही आपलीच ना, आजोबा?"

मी म्हणालो, "मला सही येत नाही, साहेब. मी अंगठा करतो."

जबाब वाचून दाखविण्यात आला. शाईची डबी पुढे आली. डाव्या हाताचा अंगठा मी नीट, रेघेच्या वर, उमटविला.